तिकीट कोणाच्या नावावर फाटते?



पवनारसारख्या गावी उभे राहून सिनेमावर बोलणे म्हणजे देवळाच्या ओट्यावर बसून फडाचे गुण गाणे होय, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ साली येऊन राहिले आणि १९८२ साली येथेच त्यांनी देह ठेवला. अशा ठिकाणी नटनट्यांच्या गोष्टी कशाला? पण गांधीजींनी सुद्धा १९४४ साली जुहू येथे ‘रामराज्य’ हा बोलपट पाहिला होता. तेव्हा आजची संध्याकाळ आम्हांस माफ व्हावी.

दुसरा आक्षेप असा की, कामगार संघटनेच्या माणसाने या विषयात का पडावे. आमचे उत्तर सोपे आहे. सिनेमा हाही एक कारखाना आहे. तेथे भांडवल आहे, यंत्रे आहेत, रोजंदारी आहे, पाळ्या आहेत आणि माल खपला नाही तर पहिली कुऱ्हाड कोणावर पडते हेही ठरलेले आहे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीतील वर्तमानपत्रांवर, सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांवर आणि बरेचसे पडद्यासमोर. त्यामुळे या कारखान्याविषयी आम्हांस दोन्ही बाजूंनी आस्था आहे.

प्रश्न असा आहे. मोठ्या दिग्दर्शकाचे किंवा मोठ्या नटाचे नाव पाहून माणसे अजून तिकीट काढतात काय? की आता नावाला किंमत उरली नाही, आणि ‘भाग दोन’, ‘भाग तीन’ असे क्रमांक लावलेले, एकाच कुळातले चित्रपटच काय ते चालतात? धंद्यातले लोक या कुळाला ‘फ्रँचायझी’ म्हणतात. शब्द जड आहे. आम्ही त्याला ‘छाप’ म्हणणार आहोत. बिडीच्या बंडलावर असते ती छाप, काडेपेटीवर असते ती छाप. भंडारा-गोंदियाकडे हजारो बाया बिड्या वळीत आल्या. ओढणारा दुकानात जातो तेव्हा अमुक छापाची बिडी द्या म्हणतो. अमुक बाईने वळलेली द्या, असे कोणी म्हणत नाही. छाप मालकाची असते आणि हात बाईचा असतो. आजचा आमचा सगळा विषय या एवढ्याशा बंडलात मावतो. पण ते सोडण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

छापाचे चित्रपट ही परदेशी व नवी व्याधी आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला तेव्हा नटांना नाव नव्हतेच. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. प्रेक्षक साळुंक्यांना पाहावयास आले नव्हते. ते रामाला आणि सीतेला पाहावयास आले होते. आपल्या देशातील पहिली छाप म्हणजे पुराण. गोष्ट ठाऊक, पात्रे ठाऊक, शेवट ठाऊक, आणि तरी गर्दी. आजचे भांडवलवाले जे करतात ते फाळक्यांनी भांडवल नसताना केले. फरक एवढाच की, रामावर कोणाची मालकी नव्हती. ज्याला जमेल त्याने राम उभा करावा. हा फरक ध्यानात असू द्या, कारण पुढे सगळे त्याच्यावरच येऊन ठेपणार आहे.

नाटकाचे पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ सालचे. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या किती मंडळ्यांनी ते केले याची गणती नाही. सुभद्रा अर्जुनाला मिळते हे पोरासोरांना माहीत. मग लोक रात्र रात्र का बसत? तर या खेपेची सुभद्रा कोण आणि ती पद कसे म्हणते, हे ऐकण्यासाठी. म्हणजे गोष्टीने लोकांना दारापर्यंत आणले आणि नटाने आत बसविले. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन ‘मानापमान’ केले, तो तर नावांचा कळस होता. नाटक १९११ पासूनचे, सर्वांचे पाहिलेले. पण दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धनी एका रंगमंचावर म्हटल्यावर मुंबई लोटली. तेथे तिकीट निखालस नावावर फाटले.

पण नावाची मातब्बरी सर्वत्र चालते असेही नाही. तेच बालगंधर्व १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ म्हणून आले. या चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. सरकारी परीक्षकांना त्यात गांधीजींची सावली दिसली आणि नाव बदलावे लागले. आपल्या जिल्ह्याला या तपशिलाचे थोडे कौतुक वाटावयास हरकत नाही. चित्रपट चांगला होता. तथापि ज्या माणसाच्या नावाने महाराष्ट्र वेडा झाला होता, त्याला पुरुषवेषात, कॅमेऱ्याच्या निकट प्रकाशात पाहून लोकांना ती धुंदी चढली नाही. प्रभातशी झालेली भागीदारी त्या एका चित्रपटापुढे गेली नाही. दुसऱ्याच वर्षी त्याच प्रभातने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ काढला. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. बालगंधर्वांच्या कीर्तीपुढे पागनिसांची कीर्ती ती काय! पण मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एकाच कंपनीचे, एकाच संतपरंपरेतले दोन चित्रपट. एकात नाव मोठे, दुसऱ्यात माणूस त्या भूमिकेत मुरलेला.

प्रभातबद्दल आम्हांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९२९ साली कोल्हापुरात ती निघाली ती पाच भागीदारांची कंपनी म्हणून, आणि त्यातले बहुतेक हाताने काम करणारे कारागीर होते. नट-नट्या, सुतार, रंगारी, सगळे महिन्याच्या पगारावर. तेथे तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे चिन्ह पडद्यावर आले की लोक निश्चिंत होत. ही सुद्धा छापच. पण ती छाप मालाच्या दर्जाची होती. आमच्या भाषेत सांगायचे तर ती हातमागाच्या धोतराच्या काठावरची खूण होती. पुढे भागीदार फुटले, १९४२ साली शांताराम बाहेर पडले, आणि ‘राजकमल’च्या काळात ‘व्ही. शांताराम’ ही अक्षरे हीच छाप झाली. १९७२ च्या ‘पिंजरा’ला लोक गेले ते शांतारामांच्या नावाने, बाहेर पडले ते डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले ही नावे घेऊन. मोठ्या नावाचा हा एक उपयोग असतो, ते आपल्या आडोशाला लहान नावे वाढवू शकते.

आता दादा कोंडके. गिरणगावात वाढलेला, सेवादलाच्या बँडपथकात वाजविणारा, ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याने नावारूपास आलेला हा माणूस. १९७१ साली त्यांचा ‘सोंगाड्या’ तयार झाला तेव्हा दादरच्या चित्रपटगृहात हिंदी चित्रपटासाठी त्याला जागा नाकारली गेली, आणि शिवसेना मध्ये पडल्यावर ती मिळाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे त्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले व गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. सभ्य समाजाने नाके मुरडली. गिरणीतला, एस.टी.तला, शेतावरचा माणूस मात्र रांगेत उभा राहिला. दादांच्या एकाही चित्रपटाला ‘भाग दोन’ असे नाव नव्हते, पण खरे पाहता ते सगळे एकाच चित्रपटाचे भाग होते. तोच भोळसट सोंगाड्या, तीच लोंबती नाडी, बहुधा त्याच उषा चव्हाण. म्हणजे येथे नट हीच छाप होती आणि छापाचा मालक नट स्वतः होता. निर्माताही तेच. कामगाराच्या घरचा मुलगा आपल्या सोंगाचा मालक झाला, ही गोष्ट आमच्या लेखी त्या रौप्यमहोत्सवांहून मोठी आहे. १९९८ साली दादा गेले आणि छापही त्यांच्याबरोबर गेली. वारसा म्हणून कोणी ती चालवू शकला नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण तात्या विंचूचे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ सालचा. लक्ष्मीकांत बेर्डे तेव्हा भरात होते. तिकीट त्यांच्या नावावर फाटले याबद्दल शंका नको. पण त्यात रामदास पाध्ये यांनी घडविलेला एक बाहुला होता. २००४ च्या डिसेंबरात लक्ष्मीकांत गेले. २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला तेव्हा पूर्वीचा नायक नव्हता, पण बाहुला होता. नट गेला, बाहुला राहिला! बाहुला म्हातारा होत नाही, मानधन मागत नाही, संघटना काढीत नाही. चित्रपटाच्या धंद्यातला कोणता मालक अशा नोकरावर लट्टू होणार नाही? (तो बाहुला तरी अस्सल आपला कोठे? १९८८ च्या एका अमेरिकन भयपटातल्या बाहुल्याचा तो मराठी भाऊ. पण मराठीत येऊन त्याने ‘ओम भट् स्वाहा’ सुरू केले आणि घरचा झाला.)

तथापि गोष्ट येथे संपत नाही. त्या बाहुल्यात ज्याचा जीव शिरतो तो गुंड तात्या विंचू पडद्यावर रंगविणारा नट कोण होता? दिलीप प्रभावळकर. हे नाव आपण वर्धेकरांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाले ते हेच. तो चित्रपट छापाचाच होता; २००३ च्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’चा पुढला भाग, आणि दिग्दर्शक राजकुमार हिरानी हे आपल्या शेजारच्या नागपूरचे. लोक आले ते मुन्ना आणि सर्किट यांच्यासाठी. बाहेर पडताना तोंडी शब्द होता ‘गांधीगिरी’. सेवाग्रामच्या आसपास राहणाऱ्या आम्हां लोकांना तो शब्द प्रथम अंगावर काटा आणणारा वाटला, पण ज्या पोरांनी आश्रमाची पायरी चढली नव्हती ती गुलाबाची फुले घेऊन निघाली, हेही डोळ्यांनी पाहिले. या भूमिकेसाठी प्रभावळकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. छाप असली म्हणजे आत नटाला जागा नसतेच, असे नाही. बसविणारा हिरानींसारखा असला तर मुन्नाभाईच्या घरातही गांधी राहू शकतो.

आणि मग २०२५ च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ आला. दिग्दर्शक सुबोध खानोलकर, ज्यांचे नाव सर्वसामान्य प्रेक्षकाला ठाऊक नव्हते. पहिला भाग नाही, दुसरा भाग नाही. कोकणातल्या दशावतारी खेळात काम करणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट, मध्ये खाणीचा प्रश्न. आणि मुख्य भूमिकेत प्रभावळकर, वय ८१. या वयात आमच्या गिरणीकामगाराला निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभे राहण्याचे बळ नसते; हा गृहस्थ पाण्यात उतरतो, रानात धावतो. चित्रपट चालला, चांगला चालला. तो चालला कशामुळे? नावामुळे म्हणाल तर हे नाव पन्नास वर्षे होतेच, त्यावर पूर्वी असे दरवाजे मोडले नव्हते. आम्हांस वाटते ते असे की, लोकांना ज्याने कधी फसविले नाही अशा माणसाच्या भरवशावर पहिल्या दिवशीची तिकिटे गेली, आणि पुढची तिकिटे गेली ती पाहून आलेल्यांच्या तोंडच्या शब्दावर. नटाचे नाव म्हणजे शेवटी उधारीची पत. दुकानदार पत पाहून माल देतो, पण एकदाच.

याला उलटा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलात आला. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही नावे आदल्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हती. मराठीत शंभर कोटींच्या घरात गल्ला नेणारा तो पहिला चित्रपट. अजय-अतुलच्या गाण्यांनी आधीच गावे पेटविली होती, हे खरे. पण शेवटी मंजुळे हे नाव घरोघर गेले. मग २०२२ च्या मार्चमध्ये त्याच मंजुळ्यांचा ‘झुंड’ आला. नागपूरचे विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्याची गोष्ट. नागपूरच्या वस्त्यांतली पोरे आणि समोर अमिताभ बच्चन. दिग्दर्शक नामांकित, नट हिंदुस्थानातला सर्वांत नामांकित, विषय आपल्या अंगणातला. जाणत्यांनी वाखाणला, आम्हीही दोनदा पाहिला. पण नावांच्या मानाने तिकीट-खिडकीवर गर्दी जमली नाही.

का जमली नाही? पुष्कळ पंडितांनी पुष्कळ कारणे सांगितली. आम्ही एक सांगतो, ते फार कोणी सांगितले नाही. ज्या वस्तीची ती गोष्ट, त्या वस्तीला ते तिकीट परवडते काय? पवनारहून चौघांचे कुटुंब वर्ध्याला नाही तर नागपूरला जाणार. तिकीट दोनशे रुपये धरा, आठशे झाले. जाण्यायेण्याचे भाडे, पोरांसाठी लाह्या, त्या लाह्यांना तेथे जो भाव असतो तो येथे उच्चारण्यासारखा नाही. मजुराचे दोन-तीन दिवसांचे कष्ट एका दुपारीत गेले. मग तो म्हणतो, वर्षातून दोनदा जायचे तर हमखास मोठे काहीतरी पाहू. हमखास म्हणजे काय? ज्याचा पहिला भाग बरा निघाला त्याचा दुसरा. आमच्या मते छापाची भूक प्रेक्षकाच्या मेंदूत जन्मत नाही, ती तिकिटाच्या दरात जन्मते. जुन्या एकपडदी टॉकीजमध्ये पुढच्या बाकावर चार आण्यांचा धोका पत्करता येत असे. नवा नट, नवा दिग्दर्शक, बघू तरी. दोनशे रुपयांचा धोका कोण पत्करील?

हे आमचे मनचे नव्हे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी देशभरच्या चित्रपटगृहवाल्यांनी एक दिवस तिकीट ७५ रुपये केले. त्या एका दिवशी सुमारे ६५ लाख माणसे आत गेली, असे त्यांच्याच संघटनेने जाहीर केले. त्या दिवशी कोणता नवा देव पडद्यावर अवतरला होता? कोणताच नाही. बरेचसे चित्रपट तेच, जे आदल्या दिवशीही चालू होते. नाव मोठे की छाप मोठी हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. ७५ या आकड्याने दोघांनाही एका दिवसात मागे टाकले.

हिंदीतले आणि परदेशातले फार सांगत बसत नाही, कारण तेथेही कौल दोन्हीकडे पडतो. २०२२ साली आमिर खान यांचा ‘लालसिंग चड्ढा’ पडला. २०२३ साली शाहरुख खान यांचे ‘पठाण’ आणि ‘जवान’ दोन्ही उचलले गेले, त्यातला पहिला छापाचा आणि दुसरा निव्वळ नावाचा. २०२४ साली ‘स्त्री २’ चालला तो नावापेक्षा भुताच्या जोरावर. पण २०२५ साली ‘वॉर २’ला छापही तारू शकली नाही आणि दोन बडी नावेही तारू शकली नाहीत. अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीचा ‘एंडगेम’ २०१९ साली आपल्याकडेही गर्दी खेचून गेला. चारच वर्षांनी त्याच कुळातला ‘द मार्व्हल्स’ त्या कुळातला सर्वांत कमी कमाईचा ठरला, आणि त्याच २०२३ साली ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाच्या नावावर अणुबॉम्बवाल्या शास्त्रज्ञाचा तीन तासांचा चरित्रपट लोकांनी गर्दी करून पाहिला. मराठीतही त्या वर्षी सर्वांत मोठा ठरला तो ‘बाईपण भारी देवा’. केदार शिंदे यांचा, सहा बहिणींचा, छापाविना. बायका घोळक्याने, नटूनथटून गेल्या. त्या सहांतल्या रोहिणी हट्टंगडी म्हणजे १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटातल्या कस्तुरबा. पण बायका कस्तुरबांना पाहावयास गेल्या नव्हत्या, स्वतःला पाहावयास गेल्या होत्या.

म्हणजे प्रेक्षकाकडून पाहिले तर नाव मेलेले नाही. मग आम्हांला चिंता कसली? चिंता आहे ती मालकाच्या बाजूची. त्याला नाव नकोसे झाले आहे. नाव भाव मागते. छाप भाव मागत नाही, कारण ती त्याच्याच तिजोरीत असते.

‘सैराट’चेच पुढले पुराण ऐका. त्याचा हिंदी अवतार २०१८ साली ‘धडक’ म्हणून निघाला. ठीक. नंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘धडक २’ आला. त्याचा ‘सैराट’शी काही संबंध नाही, पहिल्या ‘धडक’मधली पात्रे नाहीत, तो ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या तमिळ चित्रपटावर बेतलेला. चित्रपट वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. जातीचा दाह त्यात आहे. पण एका तमिळ दिग्दर्शकाच्या कामावर एका मराठी दिग्दर्शकाच्या कामातून निघालेल्या हिंदी नावाचे बिल्ले चिकटविले गेले. बंडल तेच, आत बिडी दुसऱ्या गावची. आणि लोकांनी ती घेतलीही नाही.

त्याच दिवशी, म्हणजे १ ऑगस्ट २०२५ रोजी, आणखी एक प्रकार घडला. ‘रांझणा’ हा २०१३ चा चित्रपट तमिळमध्ये पुन्हा दाखविताना त्याचा दुःखान्त शेवट यंत्राकडून, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, बदलून घेण्यात आला. मेलेला नायक जिवंत झाला. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष या दोघांनी जाहीर निषेध केला. हक्क ज्याचे, त्याने शेवट बदलला. गिरणीच्या मालकाने विणकराच्या पश्चात त्याचे कापड उसवून पुन्हा विणावे आणि काठावर नाव त्याचेच ठेवावे, असा हा मामला.

अमेरिकेतल्या लेखकांनी आणि नटांनी २०२३ साली संप केला तो याच भीतीने. लेखक १४८ दिवस बाहेर होते, नट ११८ दिवस. त्याआधी दोघे एकत्र संपावर गेले होते ते १९६० साली, तेव्हा नटांच्या संघटनेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी संपकऱ्यांशी कसे वर्तन केले ते वेगळे पुराण. या खेपेच्या मागण्यांत एक कलम असे होते की, गर्दीत उभ्या राहणाऱ्या साध्या नटाचा चेहरा यंत्रात टिपून त्याच्या संमतीवाचून, मोबदल्यावाचून वापरू नये. पन्नास-शंभर रुपयांच्या रोजावर गर्दीत उभी राहिलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांचा चेहरा हेच त्यांचे हत्यार. तो एकदा घेऊन कायमचा वापरायचा असेल तर उद्या त्यांना बोलावील कोण? नामवंत नट न्यायालयात जाऊन आपला आवाज आणि चेहरा राखतात. २०२२ साली अमिताभ बच्चन यांना दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तसे संरक्षण दिले. गर्दीतला माणूस कोणत्या न्यायालयात जाईल? त्याच्यासाठी संघटना हेच न्यायालय. १९८१ साली सिने कामगार आणि चित्रपटगृह कामगार यांच्यासाठी केंद्राने कायदा केला, करार लेखी असावा असे त्यात सांगितले. कायदा चांगला होता. तो कपाटातून बाहेर काढणारा माणूस प्रत्येक ठिकाणी लागत असे.

नाव आणि छाप यांचा झगडा आम्ही आमच्या धंद्यातही पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कायद्याची मान्यता, म्हणजे अधिकृत छाप, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार गेले डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नावामागे. छापाने माणसे आत ठेवता आली नाहीत, हे खरे; आणि एकट्या नावाने संप जिंकता आला नाही, हेही खरे. पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांत ज्यांची हयात गेली ते येथे समोर बसले आहेत. त्यांना यावर आमच्यापेक्षा जास्त सांगता येईल, आणि व्याख्यानानंतर त्यांनी सांगावे.

शेवटी झाडीपट्टीकडे वळतो, कारण हा सगळा वाद तेथे दर हिवाळ्यात रोकडा सुटतो. दिवाळी सरली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचे ठाणे. कोठे मंडई, कोठे शंकरपट. गावातले मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेते, तंबू ठोकते, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाट होईपर्यंत खेळ चालतो. नाटक नवे असते, भाग दोन कोणी विचारीत नाही. मंडळाची माणसे सौदा करताना पहिला प्रश्न करतात, “कामं कोण कोण करून राहिलं?” मुंबईहून मालिकेतला ओळखीचा चेहरा आणला तर जाहिरातीत तो वर जातो. पण ज्यांच्यासाठी आजूबाजूच्या गावांतून माणसे येतात, ते नट तेथलेच, शेती करून नाटक करणारे. त्यांतलेच परशुराम खुणे. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या कोणत्याही टॉकीजच्या फलकावर हे नाव आपण पाहिले नसेल. तिकडे एखाद्या गावात प्रयोग ठरला की ऑटोवर भोंगा लावून माणूस दुपारपासून फिरतो. आधी गावाचे नाव, मग नाटकाचे, मग तिकिटाचा दर, आणि मग एकेका नटाचे नाव, सावकाश, त्याच्या गावासह.